तोरणाखालचा शब्द

पोळ्याच्या सकाळी पुरणाचा पहिला घाणा उतरवतानाच रुख्मिणीच्या मनानं घेतलं, की संध्याकाळी गावाबाहेरच्या मैदानात, आखरावर, पोळा फुटायच्या आत या घरात काहीतरी फुटणार. नणंद आली होती ना! दिवाळीला नाहीतर आखजीच्या सणाला माहेरी येणारी पार्बताबाई, अकोल्याच्या मुलींच्या शाळेची हेडबाई, यंदा पोळ्याला आली. तीही निरोप न धाडता, बडनेऱ्यापर्यंत रेल्वेनं आणि पुढं कुणाच्या तरी बैलांच्या दमणीत बसून. बाई काम असल्याशिवाय हलायची नाही, हे रुख्मिणीला लग्न होऊन आल्यापासून ठाऊक होतं.

पार्बताबाईनं पाट ओढला आणि पुरण वाटायला घेतलं. "रुख्मिणी, बाबा आज तोरनाखाली काय बोलनार, मालूम आहे तुले?"

"मालूम आहे, बाई. भगवंत वकील होनार म्हून सांगनार. पुऱ्या गावाले मालूम आहे."

"अन् भगवंतले इचारलं कोनी?"

"त्याले काय इचाराचं? काही बी इचारा, 'पाहू' म्हन्ते. जेवतो का, पाहू. लगन करतो का, पाहू." रुख्मिणीनं पोळी तव्यावर टाकली. "त्याच्या भरवशावर राह्यलो त जलम पाहन्यातच जाईन."

पोराची आई खोटं बोलत नव्हती. भगवंत अमरावतीच्या कॉलेजात इंटरच्या दुसऱ्या वर्षाला होता. पुढं नागपूरला जाऊन बी.ए., मग वकिली, हे त्याच्या आज्यानं, नत्थुजींनी, तो पाळण्यात असतानाच ठरवून टाकलं होतं. त्याला कारण होतं. नत्थुजींचं नाल्याकाठचं काळंभोर वावर अकोल्याच्या कोर्टात गेलं. दोन वकील दोन दिवस इंग्रजीत बोलले आणि आपलं वावर नेमकं कुठल्या वाक्याला गेलं, हे नत्थुजींना आजतागायत कळलं नव्हतं. वावरापेक्षाही त्यांना एक गोष्ट जास्त लागली होती. वकिलाच्या ओसरीवर ते पागोटं सावरत तासन् तास बसत आणि दर वेळी आतून निरोप येई, "बसा, वकीलसाहेब जेवून राहिले." एवढं जेवणारा माणूस आपल्या घरात असला पाहिजे, असं त्यांनी तिथंच बसून ठरवलं.

आणि या घराची रीत अशी, की मोठी गोष्ट ठरायची ती पोळ्याच्या तोरणाखाली. गावच्या जोड्या आखरावर जमल्या, की पोळा फुटण्याआधी झडत्या होतात. झडती म्हणजे यमक जुळवून भर गावात मारलेली हाक. टोमणा असो, नवस असो, घोषणा असो, शेवटी 'हर हर महादेव' म्हणायचं. तिथं कुणी कुणाचा राग मानत नाही, झडतीला झडतीनंच उत्तर देतात. पण तिथं बोललेला शब्द मागंही घेता येत नाही. नत्थुजींच्या बापानं विहिरीचा शब्द तोरणाखाली दिला आणि खडक फोडून पाणी काढलं. नत्थुजींच्या घरची मानाची जोडी. तोरण तोडून पहिली ती जायची, मग बाकीच्या जोड्या उधळायच्या, की पोळा फुटला. अशा माणसानं तिथं शब्द दिला, की संपलं.

"बाई, तुमी काही काढू नका आज," रुख्मिणी म्हणाली. "सणाचा दिवस आहे."

"मी नाही काढत," पार्बताबाई म्हणाली, आणि पुरणाचा एक गोळा पदराआड करून गोठ्याकडं गेली. रुख्मिणीनं ते पाहिलं, पण बोलली नाही. तिनं स्वतः पहाटेच तेच केलं होतं.

*

गोठ्यात भगवंत चांद्याच्या शिंगाला बेगड चिकटवत होता. पलीकडं लखन्या सजून तयार होता. आदल्या दिवशी खांदेमळणी झाली होती. तूप-हळदीनं दोघांचे खांदे अजून चकाकत होते.

पार्बताबाईला हा भाचा शाळेतल्या मुलींसारखाच वाटे. तिच्या शाळेत मुलींना कुणी विचारलं, तू कोण होणार, की मुली बापाकडं पाहत. म्हणून तिनं ते विचारणंच सोडलं होतं. ती विचारी, कुणी न सांगता तू कोणतं काम करतेस? मागच्या उन्हाळ्यात भगवंत अकोल्याला आला तेव्हा तिनं त्यालाही हेच विचारलं. मग त्यानं सांगितलं, की कॉलेज सुटलं की तो खोलीवर जात नाही, अमरावतीच्या गुरांच्या दवाखान्यात जातो. तिथं तो बैल धरतो, औषध पाजतो, डॉक्टर शिवत असले की कंदील धरतो. हे सांगताना त्याचा चेहरा असा काही उजळला, की पार्बताबाईनं मनात म्हटलं, सापडलं!

"अकोल्यात मले सांगतलं ते आज आबाजीले सांग," ती म्हणाली.

"आबाजी मरून जातीन, आत्या."

"बाबा लय वेळा मरून जाता जाता राह्यले. मी एकटी अकोल्याले राहाले गेली तेव्हा बी मरत होते."

"पन ढोराचा डाक्टर म्हटलं की लोक हसतात. ढोराचं काम आपन करत नाही म्हन्तात. माय म्हनन, पोरगी कोन देईन याले?"

"हसतात, हसू दे. माह्या वेळी पुरं गाव हसलं होतं. हसून हसून लोक थकतात, बापू, काम करनारा नाही थकत."

भगवंतनं बेगड बोटानं दाबून बसवली. "तुमी बोला ना, आत्या. तुमचं ते ऐकतात."

पार्बताबाईचा जीव तुटला. बोलणं सोपं होतं, बोलायची हौसही होती. पण तिनं जीभ आवरली. "मी बोलली त माहा हट्ट होईन. तुहं कामच नाही राह्यलं मंग. तू बोल, मी मांगं उभी राहीन. पन संध्याकायच्या आत बोल. एकदा तोरनाखाली शब्द गेला, की तुह्या आत्याच्या हातात बी काही नाही."

"पाहू," भगवंत म्हणाला.

पार्बताबाईला वाटलं, हातातलं पुरण या पोराच्या तोंडाला फासावं. पण तिनं ते चांद्याला चारलं आणि त्याच्या कानात आपला नवस सांगितला.

*

दुपारची जेवणं व्हायच्या आत भगवंतच्या बापाची, पंजाबरावाची, हाक आली, तीच अशी, की बायका भरल्या हातानं गोठ्याकडं धावल्या.

चांद्या फुगला होता. डावी कूस पाठीच्या वर आली होती, ताणलेल्या नगाऱ्यासारखी. तोंडातून लाळ गळत होती, डोळे बाहेर आले होते, आणि तो पुन्हा पुन्हा मागच्या पायानं स्वतःच्या पोटावर लाथ मारत होता. पंजाबराव हा मोठा शांत माणूस. बापानं सांगितलं ते आयुष्यभर करत आला होता. त्यानं चांद्याचं दावं सोडलं आणि परत बांधलं. बैल गेला तर पोळ्याच्या दिवशी गेला असं होणार, आणि असं झालेलं घर गावात पिढ्यान् पिढ्या लक्षात राहतं.

"विळा तापवा!" नत्थुजी काठी आपटत आले. "डाग द्या कुशीवर. माह्या बापानं डाग देऊनच बैल वाचवले."

विळा चुलीत गेला आणि लाल होऊन आलाही. पंजाबरावानं तो फडक्यानं धरला. तेवढ्यात त्याच्या मनगटावर हात पडला.

"नाही, दादा. डाग नाही द्याचा."

आवाज कुणाचा, हे पंजाबरावाला क्षणभर कळलंच नाही. भगवंतचा हा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता.

"पोटात वारा कोंडला," भगवंत म्हणाला. "कातडं जाळून वारा निघत नाही. शकुन, जवसाचं तेल आन, अन् हिंग. माय, निंबाची काडी पाह्यजे, अंगठ्याएवढी जाड. दादा, याले ओट्याकडं फिरवा, पुढचे पाय वर घ्या." मग तो वळला. "काय खाल्लं यानं?"

"रोजचंच," पंजाबराव म्हणाला.

"रोजच्यानं असं होत नाही. खरं सांगा, नाहीतर मले औषध समजनार नाही."

पहिल्यांदा पंजाबरावच बोलला. "भिजवलेली ज्वारी दिली होती टोपलंभर. आज मिरवाचं आहे म्हून."

"मी पुरन चारलं," रुख्मिणी खाली मान घालून म्हणाली. "पहाटे. पाच-सात पोया बी. पोरगा वकील होऊ दे म्हून."

नत्थुजींनी घसा खाकरला. "मी बी थोडे भिजवलेले गहू... म्हंजे घमेलंभर. वकिलीसाठीच."

सगळ्यांच्या नजरा पार्बताबाईकडं गेल्या. हेडबाईनं अकोल्याच्या शाळेत कित्येक मुलींना खरं बोलायला लावलं होतं. आता तिची पाळी होती. "मी पुरन दिलं," ती म्हणाली. "मोठा गोया होता. अन् माहा नवस वकिलीचा नव्हता."

भगवंतची धाकटी बहीण शकुन तेलाचा गडू घेऊन दारात उभी होती. "मंग फुगन नाही त काय?" ती म्हणाली. "चांद्याच्या पोटात भगवंतभाऊ वकील बी झाला अन् काहीतरी दुसरं बी झाला."

कुणी हसलं नाही. पुढं कित्येक वर्षं ही गोष्ट सांगताना मात्र सगळे इथंच हसत.

भगवंतनं निंबाची काडी चांद्याच्या तोंडात आडवी घातली आणि दोन्ही टोकांना दोरी बांधून ती शिंगांशी ताणली. बैल ती काडी चघळू लागला. बांबूच्या नळ्यातून तेल पाजायची वेळ आली तेव्हा पंजाबरावानं सवयीनं चांद्याची जीभ धरून ओढली, मान आभाळाकडं केली.

"जीभ सोडा, दादा. मान इतली वर नको. गियता नाही आलं त तेल फुफ्फुसात जाईन."

पंजाबरावानं जीभ सोडली. वीस वर्षं तो बैलांना जीभ ओढूनच औषध पाजत होता. पण आज त्याला वाईट वाटलं नाही. त्याला काय वाटत होतं ते त्याच्या शब्दात बसण्यासारखं नव्हतं. आपलं पोर आपल्याला काम सांगत होतं आणि ते बरोबर सांगत होतं, एवढंच त्याला कळत होतं. तो दोन्ही हातांनी मान धरून उभा राहिला. भगवंत कुशीवर मुठी दाबत राहिला, खालून वर, खालून वर. अंगातली बंडी घामानं चिकटली तरी त्याचे हात थांबले नाहीत.

आणि मग चांद्यानं ढेकर दिला. तो असा, की लखन्या दचकून मागं सरला आणि कोंबड्या उडाल्या. पाठोपाठ दुसरा, तिसरा. आंबूस वासानं गोठा भरला. असा घाणेरडा वास आणि असं समाधान त्या घरात एका वेळी कधी आलं नव्हतं. रुख्मिणी मटकन खाली बसून रडायला लागली.

*

चांद्याची कूस खाली बसली. ऊन कलतं झालं. आखरावर डफडं वाजायला लागलं तसे नत्थुजी नवं धोतर, गुलाबी पागोटं घालून गोठ्यात आले. नव्या वेसणी हातात होत्या.

"वाचला!" ते खुशीत म्हणाले. "शाबास. चाल, झूल टाक त्याच्यावर. गाव वाट पाहून राहिलं."

भगवंत उठला. "आबाजी, लखन्या येईन. चांद्या येनार नाही."

"म्हंजे?"

"आज त्याले उभं राहू द्याचं. दाना नाही, घाई नाही. डफडं, गर्दी, धावनं... परत पोट फुगलं त मग काडी-तेलानं नाही भागनार. मी अजून डाक्टर नाही. त्याच्यापुढचं मले येत नाही, ते शिकाले मुंबईच्या कॉलेजात जा लागते."

"दोन पावलं त जाचं आहे! तोरनाखालून काढू अन् वापस आनू."

"नाही, आबाजी."

नत्थुजींच्या घरात 'नाही' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची रीत नव्हती. म्हातारा आधी नातवाकडं पाहतच राहिला, मग पेटला. "मानाची जोडी आहे ते! माह्या आज्यापासून पयली जोडी आपली. आज नाही गेली त खुशालराव पुढं जाईन. सांग, जाऊ देऊ त्याले? पंजाब, सोड बैल."

पंजाबरावाचा हात दाव्याकडं गेला. आयुष्यभराची सवय होती ती. पण गाठीपर्यंत जाऊन हात थांबला. "बाबा," तो म्हणाला, "पोरगा म्हन्ते ते... ऐकू आपन."

"तू बी? बरं, मी सोडतो."

ते पुढं झाले, आणि दारात सून उभी होती. डोक्यावरचा पदर पुढं ओढलेला, हात अजून पिठाचे. रुख्मिणी सासऱ्यासमोर आजवर बोलली नव्हती. काही हवं असलं तर शकुनच्या तोंडून सांगायची.

"मामाजी, बैल नाही जानार," ती म्हणाली. "माह्या पोरानं आज पयल्यांदा 'पाहू' नाही म्हटलं. मी वकिलीसाठी नवस बोलली होती, खरं आहे. पन वकिलीचं नाव काढलं की हा खाली मान घालून राह्यते, अन् आज पाहा त्याच्याकडं. मान वर आहे." तिनं दाराची चौकट धरली. "मले हाच पाह्यजे."

नत्थुजींनी लेकीकडं पाहिलं. भांडण ती काढणार, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. पण पार्बताबाई खांबाला टेकून गप्प उभी होती.

"तू बोल ना," ते चिडून म्हणाले. "तुहंच शिकवनं आहे हे."

"मी कायले बोलू? तुमीच आठवा, बाबा. मी इधवा होऊन आली, तेव्हा याच आखरावर तुमी माहा शब्द दिला होता, पोरगी शिकून बाई होईन म्हून. गाव हसलं, तुमी ऐकलं नाही. पन त्याच्या आदल्या दिवशी तुमी मले इचारलं होतं. इहिरीजवय बसून. पार्बता, तुले काय कराचं आहे?" ती खांबापासून पुढं आली. "तेवढं एक इचारलं होतं, म्हून मी आज कोनीतरी आहे."

डफडं जोरात वाजू लागलं. नत्थुजींनी एक वेसण भगवंतच्या हातात कोंबली. "लखन्याले घे," ते म्हणाले, आणि कुणाकडंही न पाहता बाहेर पडले. नातवाला काही विचारलं नाही त्यांनी. तेवढा मोठेपणा एवढ्या लवकर येत नसतो.

*

आखरावर आंब्याच्या पानांचं तोरण दोन खांबांना ताणलं होतं. समोर गावच्या जोड्या, झुली, घुंगरं, रंगवलेली शिंगं. मानाच्या जागी लखन्या एकटा होता. जोडीदाराच्या जागी त्याचा दोर धरून भगवंत. पाठीमागं पंजाबराव. बायका बाजूच्या ओट्यावर, त्यांत रुख्मिणी आणि पार्बताबाई शेजारी शेजारी, सकाळपेक्षा बऱ्याच जवळ.

दुसरी जोडी खुशालरावांची. गेली कित्येक वर्षं नत्थुजींच्या जोडीच्या शेपट्या पाहत आखर ओलांडायचं त्यांच्या नशिबी होतं. आज ते सोडणार थोडेच! त्यांनी मिशीवर ताव देऊन हाक मारली:

"गाडी चालते चाकानं, गाव चालते मानानं,
मानकऱ्याची जोडी सांगा, नेली कोन्या जनानं?
एका बाजूले लखन्या उभा, दुसऱ्या बाजूले नातू,
सांगा गा पेरनीच्या दिवशी, यातला कोनता जुतू?
हर बोला, हर हर महादेव!"

आखर हसून लोटपोट झालं. नत्थुजींचं तोंड पागोट्यापेक्षा गुलाबी झालं. त्यांची झडती ठरलेली होती, आठवडाभर घोकलेली, शेवटच्या ओळीत 'वकील' असलेली. ती म्हटली की टोमण्याचं उत्तरही झालं असतं आणि शब्दही गेला असता. त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

भगवंतला तो श्वास ऐकू आला. त्यानं लखन्याचा दोर मुठीत आवळला. कॉलेजात नाव पुकारलं तरी त्याचा आवाज निघत नसे. त्यानं ओट्याकडं पाहिलं. आत्या उभी होती. म्हणाली होती, मी मागं उभी राहीन. उभी होती. त्याच्या हातांना अजून चांद्याचा, तेलाचा, हिंगाचा वास येत होता. या हातांनी दुपारी एक जीव वाचवला होता. मग तोंडाला काय झालं?

नत्थुजींचं तोंड उघडायच्या आत तो ओरडला. आवाज आधी फाटला, मग सरळ झाला:

"कायी माती, पांढरा कापूस, बैलाच्या खांद्यावर दुनिया,
मानसाले दहा वैद्य, अन् बैलाले नुसत्या डागन्या!
चांद्याच्या पोटी नवस साऱ्याइचे, त्याले ते नाही पचत,
मिरवला असता आज त्याले, त नसता तो वाचत.
वकिलाचा कोट काया, त्यात माहं मन नाही,
मुक्याचं दुखनं समजून घेईन, दुसरा माहा पन नाही!
ढोराचा डाक्टर होईन मी, सांगतो गावासमोर,
हसा ज्याले हसाचं त्यानं, उद्या आना आपलं ढोर!
हर बोला, हर हर महादेव!"

या वेळी 'महादेव' म्हणायला गाव विसरलं. मग कुठून तरी एक जण फिसकन हसला, दुसरा हसला. "ढोराचा डाक्टर, हो!" कुणीतरी ओरडलं. रुख्मिणीनं नणंदेचा हात घट्ट धरला.

नत्थुजी उभेच होते. रीत होती, झडतीला झडतीनं उत्तर. रागावून चालत नव्हतं, निघून जाऊनही चालत नव्हतं. गावाच्या नजरा त्यांच्यावर खिळल्या. आठवडाभर घोकलेल्या ओळी जिभेवर आल्या, पण पुढं सरकेनात. त्यांना दिसत होतं ते अकोल्याचं कोर्ट. दोन काळे कोट बोलत होते आणि मध्ये ते स्वतः उभे होते. काही कळत नव्हतं, बोलता येत नव्हतं, आणि विचारलं की मान तेवढी हलत होती. त्या दिवशी एका तरी माणसानं जवळ येऊन विचारलं असतं, बुवा, तुला कुठं दुखतं? दुपारी गोठ्यात हा पोरगा तेच विचारत होता. काय खाल्लं यानं, खरं सांगा.

पागोटं डोक्यावर घट्ट बसवून ते दोन पावलं पुढं आले. आवाज म्हातारा होता, पण झडतीत त्यांच्या तोडीचा गावात दुसरा नव्हता.

"अकोल्याच्या कोर्टात उभा होतो, मुका जसा बैल,
वावर गेलं, बोली नाही कयली, संपला सारा खेल!
वकील करीन नातू म्हनून धरला होता हेका,
मुक्याचं दुखनं ओयखलं तुनं, जिकला रे तू लेका!
मान यंदाचा खुशालचा, तोडू द्या त्याले तोरन,
नातू जाते मुंबईले, ढोराचा डाक्टर होईन!
हर बोला..."

"हर हर महादेव!" आखर असं गरजलं, की घुंगरं सगळी एकदम वाजली आणि अर्धे बैल दोर तोडायला लागले. पंजाबरावानं पोराला उचललं. एकोणीस वर्षांच्या घोड्याला उचलताना त्याची कंबर धरली, पण त्यानं सोडलं नाही. खुशालरावांना जन्मभर हवा होता तो मान मिळाला. पण त्यांची जोडी तोरणाखालून गेली तेव्हा अर्ध्याच्या वर गाव भगवंतकडं पाहत होतं. पोळा फुटला. ओट्यावर हेडबाई पार्बताबाई लहान मुलीसारखी रडत होती आणि रुख्मिणी तिचे डोळे आपल्या पदरानं पुसत होती.

*

दिवेलागणीला जोड्या घरोघर पूजा घेऊन परतल्या. चांद्या गोठ्यात रवंथ करत उभा होता. आत स्वयंपाकघरात भगवंत जेवायला बसला होता, सकाळपासूनचा उपाशी. पार्बताबाई मुंबईच्या कॉलेजाला कुठले विषय लागतात, परीक्षा पास होऊन अर्ज कधी करायचा, हे सांगत होती. तो "पाहू" न म्हणता उलट प्रश्न विचारत होता. नत्थुजी ओसरीवर तक्क्याला टेकून सुपारी कातरत होते.

फाटकाशी कुणीतरी खाकरलं. खुशालराव होते. तोरण तोडलेली मानाची जोडी घरी बांधून, त्यातल्या एका बैलाला दोर लावून आले होते. पायातल्या वहाणा त्यांनी फाटकाबाहेरच काढल्या.

"नत्थुजी," ते इकडंतिकडं पाहत हळू आवाजात म्हणाले, "याचा खांदा सुजला गा. चार दिवस झाले. झुलीखाली झाकला होता मी, मिरवाचं होतं म्हून. आता हात लावू देत नाही. तुमचा नातू... पाहते का जरा?"

नत्थुजींनी अडकित्ता खाली ठेवला. त्यांनी खुशालरावांकडं पाहिलं, बैलाकडं पाहिलं, आतून येणाऱ्या उजेडाकडं पाहिलं. अकोल्याच्या त्या ओसरीवर बसून वाळलेली सगळी वर्षं त्यांच्या चेहऱ्यावरून उतरली. त्यांनी सतरंजीची कड हातानं झटकली.

"बस, खुशाल," ते म्हणाले. "डाक्टर जेवून राहिला."

आत रुख्मिणीनं ते ऐकलं. तिनं पोराच्या ताटात आणखी एक पुरणाची पोळी वाढली, वर तुपाची धार सोडली आणि म्हणाली, "सावकाश जेव, बापू."